फ्रँकफर्टहून निघालेलं विमान आणि आमचे अण्णा

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. त्यामुळे ‘मॅडम, योगायोग असेल’ हे मला सांगायला येऊ नका. तो सगळा विचार तुमच्याआधी मी करून बसले आहे.

आमचं गाव सेनगाव तालुक्यातलं गोरेगाव. वडिलांची, म्हणजे अण्णांची, थोडी शेती आणि चाळीसेक शेळ्या-मेंढ्या. मोठा भाऊ, दादा, जर्मनीत नोकरीला. गेल्या वर्षी तो चार वर्षांनी घरी येत होता. फ्रँकफर्ट ते हैदराबाद... सात हजार किलोमीटरच्या आसपास, साधारण साडेआठ तास. आपल्याकडे दुपारचा दीड वाजला तेव्हा विमान उडालं. आम्हाला हैदराबाद गाठायलाच आठ तास लागतात, म्हणून मी तीनची जीप सांगितली होती.

पावणेतीनला मी तयार होऊन अंगणात उभी. अण्णा शेळ्यांना पाला टाकत होते. एकदम थांबले.

“जीप नको म्हण. पोरगं आज येत न्हाई.”

“काहून येत न्हाई? हे बघा!” मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. नकाशावर विमान सरळ पुढे सरकत होतं.

“मागं फिरून राहिलं ते. दादाला तकलीफ हाय. पर वाचंल.”

माझं डोकंच फिरलं. “अण्णा, अभद्र बोलू नका!”

जीप आली तर ते तिच्यासमोर उभे राहिले. मी हाताला धरून त्यांना बाजूला केलं आणि निघाले.

हिंगोली ओलांडल्यावर फोन पाहिला. विमान उलटं वळलं होतं - काळ्या समुद्रावरून मागे, बुखारेस्टकडे. नांदेडजवळ परक्या नंबरावरून फोन आला. दादाच्या छातीत कळा आल्या होत्या... त्याच्यासाठीच विमान खाली उतरवलं होतं.

दादा वाचला. महिन्याभराने घरी आला, तेव्हा मी पहिला प्रश्न कळा सुरू झाल्याच्या वेळेचा विचारला.

“साडेतीन,” तो म्हणाला. “निघतानाच मी घड्याळ आपल्या वेळेवर लावलं होतं. पावणेतीनला तर मी मस्त जेवत होतो, शालू.”

म्हणजे अण्णांनी पाऊण तास आधी सांगितलं! तेव्हा ना दादाला काही ठाऊक होतं, ना वैमानिकाला.

आता लोक नारळ घेऊन दारात येतात. मी परत पाठवते. माझे अण्णा बुवा नाहीत. शाळेतले सहकारी हसतात, त्यांनाही सांगते - हसा, पण मी खोटं बोलत नाहीये.

अण्णांना मी एकदाच विचारलं, “तुमाला कसं कळलं?”

ते माझ्याकडे नवलानं बघत राहिले.

“दादानंच सांगितलं की. तू बाजूलाच हुबी व्हतीस... तुला न्हाई ऐकू आलं?”