बैसाणे सरांचं ओलं मैदान

आमच्या शाळेच्या मागे टेकडी आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी वाल्मीक बैसाणे सरांचं कबड्डीचं मैदान होतं. कागदोपत्री ते शाळेचं मैदान, पण गावात कोणी तसं म्हणत नसे. पारोळ्याहून धुळ्याकडे जाताना डाव्या हाताला फाटा लागतो, तिथून आत आमचं गाव. मी या शाळेत हिंदी शिकवतो, सर खेळ शिकवतात. आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो. मी वर्गात शिरलो आणि ते फावडं घेऊन शाळेमागे गेले.

तेव्हा तिथे नुसता मुरूम आणि गोटे होते. सरांनी गोटे वेचले, तलावातला गाळ आणून टाकला, लाल माती चाळून मिसळली, रोलर फिरवला. पावसाळा संपला की दर वर्षी हे सगळं नव्याने करायचे. मैदानावर चप्पल घालून जायची कोणाला मुभा नव्हती. एका पंधरा ऑगस्टला तालुक्याहून आलेल्या साहेबांनाही त्यांनी बूट काढायला लावले. साहेबांना वाटलं, हा झेंड्याचा मान. भाषणात त्यांनी या प्रथेचं तोंडभरून कौतुक केलं आणि इतर शाळांनी आदर्श घ्यावा असं सांगितलं. सर मागे उभे राहून साहेबांच्या मोज्यांना माती किती चिकटते ते बघत होते.

या मैदानावर सरांनी मुलींचा संघ उभा केला. त्यांची कप्तान माहेनूर, नववीतली. हाशम गवंड्याची मुलगी. अंगाने किरकोळ, पण चढाईला गेली की समोरच्या मुली आपोआप मागे सरकायच्या. यंदा हा संघ जिल्ह्याला जाणार, असं सर म्हणायचे. दर वर्षीच म्हणायचे, पण यंदा आम्हालाही तसं वाटत होतं.

मग शाळेत पाणलोट आला.

वरून आदेश निघाला की आठवी-नववीच्या मुलांना पाणलोटाचं शिक्षण द्यायचं आणि तेही वर्गाबाहेर, हाताने काम करून. मुख्याध्यापक योगेंद्र नेरकरांनी तो सगळ्या शिक्षकांसमोर वाचला. साहजिकच सगळे भूगोलाच्या सरांकडे बघू लागले. भूगोलाच्या सरांनी गुडघ्याला हात लावला. नेरकरांनी आदेश पुन्हा चाळला, 'वर्गाबाहेर' या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले की वर्गाबाहेरचं जे काही असेल ते आपल्याकडे पहिल्यापासून बैसाणे सरच बघतात. सरांनी विरोध करून पाहिला. मला पाण्यातलं काही कळत नाही, असं ते म्हणाले. कळत असतं तर वर्गात घेतलं असतं, असं नेरकरांचं उत्तर होतं.

जळगावच्या एका संस्थेतून वृषाली ताई शिकवायला आल्या. त्यांनी व्हरांड्यात दगडांच्या ढिगावर ताडपत्री पसरली, तिला घड्या पाडल्या आणि एका मुलीला वरून तांब्याभर पाणी ओतायला सांगितलं. पाणी घड्यांतून वाट काढत एका कोपऱ्यात जमलं. "हा झाला पाणलोट," ताई म्हणाल्या. "जिथलं पाणी एका वाटेने बाहेर पडतं तेवढी जमीन." मग बांबूच्या तीन काठ्या बांधून त्यांनी इंग्रजी 'ए'सारखी चौकट केली, मध्ये दोरीला दगड टांगला. दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. अशी चौकट फिरवत गेलं की डोंगरउतारावर समान उंचीची रेघ आखता येते, आणि त्या रेघेवर चर खणले की पाणी त्यात थांबतं, मुरतं.

हे सगळं सरांनी ऐकलं आणि आपल्या पद्धतीने मुलांना सांगितलं. पाणी म्हणजे समोरचा चढाईपटू. तो टेकडीवरून दम घेऊन सुटतो. एकट्याने अंगावर जाल तर फोडून जाईल, म्हणून साखळी करा. वरचा चर सुटला तर खालच्याने पकडायचं. दम तुटेपर्यंत सोडायचं नाही. मुलांना हे असं समजलं की वृषाली ताईंनी पुढच्या गावी जाऊन हेच वापरलं.

मग शनिवार-शनिवार टेकडीवर काम सुरू झालं. सरांच्या मनात पाणी नव्हतंच. खणताना मुलींचे खांदे तयार होतात, दगड वाहताना मांड्या तयार होतात, आणि हे सगळं सरकारी आदेशाने, पालकांची तक्रार न येता, याचाच त्यांना आनंद होता. त्यांनी दोन गट पाडले, शिट्टी मारली आणि चर खणायची शर्यत लावली. मी एकदा वर गेलो तर चौकट माहेनूरच्या हातात होती आणि पाठीमागे मुली रेघेवर चुना टाकत होत्या. खाली नाल्यात मुलगे दगडी बांध रचत होते. रचलेला बांध हाशमने येऊन पाहिला आणि एकही दगड न बदलता गेला, ही त्याच्याकडून मोठीच शाबासकी होती.

तेव्हाच माहेनूरने विचारलं होतं की मुरलेलं पाणी जातं कुठे. सर म्हणाले, जमिनीत. जमिनीत कुठे, तर खाली. खाली कुठे, असं तिने विचारलं तेव्हा सरांनी शिट्टी मारून तिला पुढच्या चरावर पाठवलं.

त्या वर्षी पाऊस बेताचाच झाला, पण टेकडीने तो सगळा धरला. एरवी श्रावणात नाला शाळेच्या रस्त्यावरून गढूळ होऊन धावायचा आणि दोन दिवस शाळा बंद ठेवावी लागायची. यंदा नाल्यातून नितळ पाणी, तेही घोट्याएवढं. मुलांना सुटी मिळाली नाही म्हणून ती थोडी नाराज झाली. नेरकरांनी फोटो काढवून घेतले, स्वतः फावडं धरून एक.

पोळा झाला, पाऊस थांबला. सरांनी रोलर काढला आणि तो मैदानात रुतला.

ओल असेल, वाळेल, म्हणून ते थांबले. आठवडा गेला. टेकडीकडच्या बाजूला माती हाताला चिकटत होती. सरांना संशय आला तो टाकीच्या नळाचा, आणि नळाचा म्हणजे छगन शिपायाचा. रात्रभर नळ चालू ठेवतोस, असं ते त्याला सगळ्यांसमोर बोलले. छगन चिडला. त्याने कुदळ आणली आणि पाइप जातो तिथे खड्डा खणून पाइप उघडा केला. पाइप धडधाकट होता. सर खाली वाकून बघत असतानाच खड्ड्याच्या तळातून पाणी वर आलं, हळूहळू, पण थांबायचं नाव नाही. छगनने कुदळ खांद्यावर घेतली आणि सरांनी त्या दिवशी त्याला दोनदा चहा पाजला.

शोध लावला तो माहेनूरने. तिने मुलींना घेऊन मैदानापासून टेकडीकडे सरळ रेषेत लहान लहान खड्डे घेतले. प्रत्येकात हातभर खाली ओल. सगळ्यात खालच्या चराजवळच्या खड्ड्यात तर पाणीच. ते दाखवायला तिने सरांना वर नेलं. नेमक्या त्याच दिवशी वृषाली ताई पाहणीला आल्या होत्या, त्याही चढून आल्या.

"सर, नळाचं नाही," माहेनूर म्हणाली. "आपलंच पाणी आहे."

ताई हरखून गेल्या. मुरमाखाली इथे सलग खडक असणार, मुरलेलं पाणी त्या खडकावरून सरकत येतं आणि उतार संपतो तिथे पाझरतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. एकाच हंगामात असा पाझर क्वचित दिसतो, म्हणाल्या. "सर, तुमचं काम शंभर टक्के यशस्वी झालंय."

सरांनी खाली मैदानाकडे पाहिलं. तिथे दोन बगळे उतरले होते.

"हे बंद कसं करायचं?" त्यांनी विचारलं.

ताईंना वाटलं, सर विनोद करताहेत.

तालुक्याचे सामने तोंडावर आले होते. निम्म्या मैदानावर पाय घोट्यापर्यंत जात होता आणि बेडकं झाली होती ती वेगळीच. सरांनी नेरकरांना भेटून सुचवून पाहिलं की खालचा एखादा चर बुजवला, नाल्यातला बांध थोडा मोकळा केला, तर चालेल का. नेरकरांनी नुकताच शाळेचा प्रस्ताव पुरस्कारासाठी पाठवला होता. ते म्हणाले, सर, तुमची तब्येत बरी आहे ना.

रविवारी सकाळी सर पहार घेऊन एकटेच नाल्यात गेले. हे त्यांनी नंतर मला स्वतः सांगितलं. सबंध बांध फोडायचा त्यांचा विचार नव्हता, दोन-चार दगड काढायचे, सामने होईपर्यंत पाणी जाऊ द्यायचं, मग पुन्हा रचायचे. त्यांनी पहार दगडाच्या फटीत घातली आणि मागून आवाज आला.

"सर, रविवारले भी उनात? बरं झायं. तो खालना दगड हालस, मी परवाच देखा."

लिलाबाई होती, सर रविवारीही कामाला आले म्हणून खूश झालेली. मैदानाच्या खालच्या अंगाला तिचं शेत आणि शेतात जुनी विहीर. ती बांधावर उतरली, पदर खोचला आणि हलणारा दगड सरांना दाखवला. तुम्ही पहारीने उचला, मी खाली दगडाची चीप लावते, असं तिने सांगितलं. सरांनी पहारीने दगड उचलला. तिने चीप लावली. मग तिला आणखी एक दगड हलका वाटला, आणि त्याच्यापुढे आणखी एक. सर उचलत गेले, ती बसवत गेली.

काम करता करता ती विहिरीचं बोलत होती. एरवी दिवाळीनंतर विहिरीत कोरडा गाळ दिसतो आणि ती हंडे घेऊन गावात जाते. यंदा पाणी उतरतच नाही. मेथी लावली आहे, कधी लावली नव्हती. "मनी इहिरले तुमना पोरीसनी पानी आनं," ती म्हणाली. "मी बठ्ठासले सांगस." गावात भेटेल त्या सगळ्यांना ती हेच सांगत होती.

सरांनी पुढचा दगड उचलला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बांध मुलांनी रचला होता त्याहून भक्कम झालेला होता. लिलाबाईने त्यांना भाकरी खायला घरी नेलं आणि भाकरीबरोबर मेथीची भाजी वाढली. भाजी कशी होती, असं मी विचारलं. चांगली होती, असं ते अगदी नाइलाजाने म्हणाले.

सोमवारी त्यांनी मुलींना पुन्हा चौकट काढायला लावली. या वेळी सपाट रेघ नको, जराशी उतरती हवी होती. मैदानाच्या वरच्या कडेने त्यांनी नाली खणली, तळाला गोटे भरले आणि पाझर लिलाबाईच्या शेताच्या बाजूला वळवला. थोडा फरक पडला. अर्धं मैदान पायाखाली टणक लागू लागलं, अर्धं तसंच राहिलं. मुली त्या अर्ध्यात सराव करत. चढाई करायची जागा होती, परतायची नव्हती.

सामन्यांना पारोळ्याला गेलो तर तिथे मैदानच नव्हतं. हॉलमध्ये निळ्या-पिवळ्या मॅट अंथरल्या होत्या. यंदापासून सगळे सामने मॅटवरच होणार, असं संयोजकांनी सांगितलं. सरांनी वाकून मॅटवर हात फिरवला. आमच्या मुली उपांत्य फेरीत थोडक्यात हरल्या. सरांनी दोष पाण्याला दिला, मुलींनी मॅटला. माहेनूर म्हणाली, समोरच्या मुली चांगल्या खेळल्या.

पुरस्कार मात्र मिळाला. जळगावला मोठा समारंभ झाला आणि शाल, श्रीफळ सरांच्या हातात आलं. भाषण करावं लागणार हे त्यांना तिथे गेल्यावर कळलं. ते माइकसमोर गेले आणि एवढंच म्हणाले, "पाणी जिरलं, पण माझं मैदान गेलं." सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सूत्रसंचालकांनी याला त्याग म्हटलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे टिपले. सर खाली येऊन माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "मी तर तक्रार केली होती."

तेव्हापासून त्यांना गावोगावच्या शाळांतून बोलावणी येतात. यावलला जाऊन आले, जामनेरला जाऊन आले. ते जातात, शिकवतातही मन लावून, कारण एखादं काम अर्धवट करणं त्यांना जमत नाही. पण टेकडीवर चढण्याआधी विचारतात की तुमच्या मुली खेळतात कुठे. ती जागा उताराखाली असेल तर आधी नाली खणायला लावतात, मग चर. तज्ज्ञ लोक याला बैसाणे सरांची पद्धत म्हणू लागले आहेत.

आमच्या संघाला जागा दिली ती लिलाबाईने. तिच्या शेतात विहिरीला लागून खळं आहे, आता मळणी यंत्रावर होते म्हणून ते पडूनच होतं. माहेनूरने आधी चौकट लावून पाहिली, दोन खड्डे घेतले, इथे पाणी येणार नाही असा निर्वाळा दिला, आणि मगच सरांनी चुन्याच्या रेघा मारल्या. मुली तिथे छान खेळतात. अडचण एकच आहे. संध्याकाळी लिलाबाई विहिरीच्या कठड्यावर बसून सराव बघते आणि कोण बाद ते स्वतःच ठरवते. कबड्डीचे नियम तिला ठाऊक नाहीत. जी पोर दमलेली दिसेल तिला ती बाद करते, पाणी प्यायला बोलावते, आणि खळं तिचं असल्यामुळे सरांना शिट्टी मारून तेच जाहीर करावं लागतं.