तेरा अंशांची सावली

साहेबांना कारखान्याच्या बागेत सूर्यघड्याळ हवं होतं आणि मला नोकरीत कायम व्हायचं होतं. एवढ्यावरून ते घड्याळ माझ्या गळ्यात पडलं.

साठ सालानंतरची गोष्ट. बंगळूरच्या त्या कारखान्यात मोजमापाची उपकरणं बनत. मी तिथे हंगामी होते. हँडल फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड करायची आणि उत्तरं रकान्यांच्या कागदावर उतरवायची, हे माझं काम. "हे नीट झालं तर तुमचं नाव वर पाठवतो," साहेब म्हणाले, आणि मी खुळी, त्यावर विश्वास ठेवून बसले.

सूर्य मनगटावरच्या घड्याळाचं ऐकत नाही. वर्षभर तो कधी पुढे असतो, कधी मागे, आणि त्यातून बंगळूरची सावली सरकारी वेळेच्या वीसेक मिनिटं मागे पडते. दर पाच दिवसांचा फरक काढून मी रकाने भरले, आलेखाच्या कागदावर ठिपके दिले. ते जोडायला ऑफिसातली वळणपट्टी कुठेच नीट बसेना. अण्णा, म्हणजे माझे वडील, चिकपेटेत शिंपी होते. बाही जोडायच्या मुंढ्याचं वळण काढायची त्यांची लाकडी पट्टी मी मागून घेतली. तिने ती रेघ अशी सफाईने गेली की मी कागदाच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरं टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. मिरवायची हौस, दुसरं काय!

अण्णा तर गिऱ्हाइकांना सांगत सुटले, "आमच्या पोरीनं सूर्याचं माप घेतलंय."

घड्याळाची सावली पाडणारी पितळी पात अक्षांशाइतकीच कलती ठेवावी लागते. बंगळूरला तेरा अंश, म्हणजे जवळजवळ आडवीच. बसवायच्या आदल्या दिवशी साहेबांनी ती पाहिली. त्यांच्या हातात विलायती मासिकातलं चित्र होतं, त्यात पात कशी ऐटीत उभी. "ही तर झोपलीय. अर्ध्यावर उचला," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, ते तिकडचं माप आहे. इथे उचलली तर माझ्या सगळ्या रेघा खोट्या ठरतील." ते हसले. "वेळ बघायला माझ्याकडे घड्याळ आहे. बागेत शोभा हवी." पात उचलली गेली. कागदावर तेरा तसेच राहिले, खाली माझी आद्याक्षरं.

उद्घाटनाला पाहुण्यांच्या मनगटावर दहा वाजले होते आणि सावली साडेसातच्या आसपास. पाहुणे मोठ्याने हसले. साहेबही हसले. "आमच्या एका मुलीचं गणित आहे," म्हणाले. मी तिसऱ्या रांगेत होते. तिथेच उठून खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण अजूनही मला वाटत होतं की गप्प बसले तर नाव वर जाईल. माझा मलाच आजही राग येतो. नाव गेलंच नाही, आणि पुढच्या महिन्यात मला घरी बसवलं.

त्याआधी, उद्घाटनानंतरच्या एका रविवारी अण्णा हट्टाने जयनगरच्या आमच्या घरून माझ्याबरोबर बसने ते घड्याळ बघायला आले. धुवट धोतर, काळी टोपी. खिशातलं घड्याळ काढून ते बराच वेळ सावलीकडे बघत राहिले. मी पात, अंश, चित्र, सगळं घडाघडा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण ते त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, हे मला दिसत होतं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले,

"तुझं चुकलं नाही गे. माझी पट्टीच झिजलीय. तीस वर्षं झाली की तिला."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी नवी पट्टी आणली. जुनी त्यांनी पुन्हा कधी कापडावर ठेवली नाही.