स्लॅबला पाणी

बाबा जन्मभर गवंडीकाम करत राहिले आणि आम्ही गोडदेवला पत्र्याखाली राहिलो. ते निवृत्त झाल्यावर आमच्या घराला एकदाचा स्लॅब पडला. तोवर गुडघे असे गेले होते की शिडी चढायला डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी गावी गेलेली. आम्ही दोघं समोरच्या भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि बाबा दारात खुर्ची टाकून माझी शिकवणी घेत.

जमिनीच्या वर घर जिथून सुरू होतं ते जोतं, म्हणजेच प्लिंथ. उभा असतो तो कॉलम, आडवा तो बीम. दारा-खिडक्यांच्या डोक्यावरची आडवी पट्टी म्हणजे लिंटेल, वरच्या भिंतीचा भार तिच्यावर. स्लॅब कडक होईतो त्याला खालून धरून ठेवणारा फळ्या-टेकूंचा सांगाडा, ते सेंट्रिंग. बँकेत नोकरी करणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसावं याचं त्यांना भारी नवल वाटे. मला कंटाळा येई, आणि मी तो लपवतही नसे.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते क्युअरिंगने. ताज्या काँक्रीटला पाणी मिळालं नाही तर ते कच्चं राहतं, चिरा पडतात. म्हणून स्लॅबवर शेतातल्या वाफ्यांसारखे सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून आत पाणी साठवायचं, रोज, सकाळ-संध्याकाळ. ते काम माझ्याकडे होतं.

पाचव्या दिवशी मला उशीर झाला. बुटांची लेस बांधत असतानाच बाबांनी विचारलं, "पाणी मारलंस काय रे?"

"मारलं," मी म्हणालो आणि निघालो.

संध्याकाळी आलो तर खुर्ची रिकामी. वर पाहिलं, तर बाबा स्लॅबच्या मधोमध उलट्या घमेल्यावर बसलेले, हातात पाइप, लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला. सगळे वाफे काठोकाठ भरले होते. मी धावत वर गेलो.

"कधीपासून आहात इथे?"

"दुपारपासनं. चढलो कसातरी, उतरायला जमेना."

"शेजारी कुणाला हाक नाही मारायची?"

"ती बाजूची विचारत होती. म्हटलं, बरा हाय मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, सकाळी मी खोटं बोललो."

"म्हाईत हाय. पाणी भरलं की कडेनं ठिबकतं. आज ठिबकलंच नाय."

"मग तेव्हाच ओरडायचं ना माझ्यावर!"

त्यांनी पाइप बाजूला ठेवला. ओल्या स्लॅबवरून तळहात फिरवला, आयुष्यभर लोकांच्या स्लॅबवरून फिरवत आले तसाच, पण आज जरा सावकाश. मी त्यांना उठवायला काखेत हात घातला.

"थांब," ते म्हणाले. "आपल्या घरावर पहिल्यांदाच चढलोय. बसू दे जरा."