जुईचे गाल

“फोर प्लस,” डॉक्टरांनी रिपोर्टचा कागद माझ्याकडे वळवला. “लघवीतून खूप प्रोटीन जातंय. हा नेफ्रॉटिक सिंड्रोम आहे. आजच ॲडमिट करूया.”

अशा वेळी आयांना म्हणे देव आठवतो. मला वरच्या मजल्यावरची स्वरा आठवली. पाच वर्षांची माझी जुई मांडीवर पेंगत होती, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: हे स्वराला का नाही झालं?

लिहिताना हात जड होतोय. पण ज्यांच्या घरी असं आजारपण येईल त्यांच्यासाठी लिहायचं, तर हेही लिहायलाच हवं. नुसत्या गोळ्या आणि रिपोर्ट तुम्हाला डॉक्टर सांगतीलच.

आम्ही डोंबिवली वेस्टला, कोपर स्टेशनच्या बाजूला राहतो. मी ज्युनियर केजीची टीचर. जुई माझ्याच वर्गात, आणि वर राहणाऱ्या प्राचीची स्वराही माझ्याच वर्गात. दोघींच्या जन्मात जेमतेम तीन आठवड्यांचं अंतर. तेव्हापासून माझी तुलना सुरू. स्वराला दात आधी आले. स्वरा आधी चालली. स्वरा गुटगुटीत, आमची काडी. लिफ्टमध्ये कुणीतरी हमखास विचारायचं, “ही खात नाही का हो काही?” आणि प्राची शेजारी उभी राहून गोड हसायची. ती तशी सगळ्यांकडे बघूनच हसते, पण मला ते टोचायचं.

त्यामुळे जुईचे गाल जेव्हा भरल्यासारखे दिसायला लागले, तेव्हा मला काय वाटलं असेल? आनंद झाला! म्हटलं, चला, एकदाचं बाळसं धरलं पोरीनं. मी तिला मुद्दाम स्वराच्या शेजारी उभं करून फोटो काढला. सकाळी उठल्यावर तिचे डोळे सुजलेले असायचे, ते मी ॲलर्जीवर ढकललं आणि ड्रॉप्स घालत बसले. मोजे काढल्यावर पायावर खोल वळ राहायचे. मी मोजे बदलले.

प्राची जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, “अगं, जुईचं तोंड सुजल्यासारखं वाटतंय गं. दाखवून घे ना.”

मी म्हटलं, “तिने अंग धरलंय. तुझीनेच तेवढं धरायला पाहिजे का?”

आणखी आठ दिवस मी तसेच काढले. मग एके दिवशी जुईच्या लघवीला साबणासारखा फेस दिसला आणि पोट टम्म झालं, तेव्हा मी आणि नितीन, माझा नवरा, मानकोलीच्या पुलावरून तिला ठाण्यात माजिवड्याजवळच्या मुलांच्या हॉस्पिटलात घेऊन गेलो.

आजार थोडक्यात सांगते. किडनी म्हणजे गाळणी. या आजारात तिची भोकं सैल होतात आणि रक्तातलं प्रोटीन लघवीतून निघून जातं. मग पाणी अंगात साठतं आणि मूल सुजतं. माझ्या लेकीने धरलेलं बाळसं म्हणजे पाणी होतं. म्हणून सांगते, सकाळी डोळे सुजत असतील, लघवीला फेस येत असेल, तर ड्रॉप्स घालत बसू नका. लघवीची एक साधी तपासणी करून घ्या. आणि शेजारीण काही म्हणाली तर ऐका.

हॉस्पिटलात नऊ दिवस होतो. औषध स्टेरॉइडचं. मीठ जवळजवळ बंद, पाणी मोजून, लघवी मोजून. रोज सकाळी वजन. एरवी वजन वाढावं म्हणून मी जीव टाकायचे, तिथे ते उतरावं म्हणून काट्याकडे बघत बसायचे.

शेजारच्या बेडवर याच आजाराचा एक मुलगा होता, कल्याणचा. त्याला सहाव्या दिवशी निल आलं, म्हणजे लघवीत प्रोटीन शून्य. त्याच्या आईने अख्ख्या वॉर्डला पेढे वाटले. माझ्याही हातावर ठेवला. मी “अरे वा” म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. जुई अजून थ्री प्लसवर होती.

डॉक्टर मॅडमच्या लक्षात आलं असावं. राउंडला म्हणाल्या, “आई, शेजारच्या बेडचा चार्ट वाचू नका. बहुतेक मुलं औषधाला साथ देतात, कोणी लवकर, कोणी उशिरा. सहा आठवडे आपल्या हातात आहेत. तोपर्यंत निल आलं नाही तर बायोप्सी करावी लागेल.” बायोप्सी म्हणजे सुई घालून किडनीचा बारीकसा तुकडा काढायचा आणि तपासायचा. त्यानंतर माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. सहा आठवड्यांत निल यायला हवं होतं.

घरी आलो. सूज उतरली, आणि मग स्टेरॉइडने चेहरा फुगायला लागला. याला मून फेस म्हणतात. गाल इतके गोल झाले की हसली की डोळे गायब. भूक राक्षसासारखी आणि राग त्याहून मोठा. सासूबाई मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढायच्या आणि म्हणायच्या, “कुणाची तरी नजर लागली गं बाई.” मी वर छताकडे बघायचे.

प्राची दिवसाआड डबा आणायची. बिनमिठाचं वरण, दुधी, पोळ्या. कुठून शिकली कोण जाणे, पण जुई तिच्या हातचं निमूट खायची. मी केलेलं थुंकायची. आता बोला! मी डबा घासून परत करायचे आणि आभार मानायचे तेही दात आवळून.

सकाळची लघवी तपासायची जबाबदारी घरच्यांची असते. जुईने एका छोट्या प्लास्टिकच्या कपात सू करायची, त्यात तपासणीची पट्टी बुडवायची, तिचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा, वहीत लिहायचं. टू प्लस. थ्री प्लस. टू प्लस.

इन्फेक्शनच्या भीतीने जुईला शाळा बंद होती, पण माझी सुट्टी संपलेली. मी कामावर रुजू झाले आणि नेमका तेव्हाच वर्गात ‘माझं चित्र’ सुरू झालेलं. हा माझाच उपक्रम, दर वर्षीचा. मुलं आरशात बघून स्वतःचा चेहरा काढतात आणि खाली, आपल्याला काय छान जमतं ते एका वाक्यात सांगतात. टीचरने ते वाक्य मूल बोलेल तसंच लिहायचं. सुधारायचं नाही. आणि पक्का नियम म्हणजे टीचरची पेन्सिल, टीचरचा रबर मुलाच्या चित्राला लागता कामा नये. नाक कपाळावर आलं तरी चालेल. इतर टीचर्सना मी यावर लेक्चर द्यायचे.

या वर्षी तो आठवडा म्हणजे शिक्षाच होती. एकेक पोर येऊन सांगतंय, मी आपली लिहितेय. मला जोरात पळता येतं. मला तिखट भेळ खाता येते. मला पोहता येतं. आरशात बघत होती ती सगळी पोरं, गालाला हात लावत, दात मोजत. मनात यायचं, कसले धडधाकट आहात रे सगळे, आणि माझीच तेवढी सापडली का?

स्वराने सांगितलं, “मला लंगडी घालत घालत गेटपर्यंत जाता येतं.” चित्रही सुरेख होतं, दोन वेण्या, लांब मान. मी ते भिंतीवर लावलं, पण अशा जागी की कपाटाचं दार उघडलं की मागे जाईल. आणि ते दार मी उघडंच ठेवायचे. पाच वर्षांच्या पोरीशी मी असं वागले.

त्याच आठवड्यात मी घरी जुईला आरसा आणि कागद दिला. तिने खूप वेळ बघितलं. मग एक गोल काढला. अख्ख्या कागदभर. डोळ्यांच्या जागी दोन बारीक रेघा. मानेला जागाच उरली नाही. ती खूश होऊन म्हणाली, “बघ, सेम टू सेम!”

मला ते बघवेना.

दुपारी ती झोपली, आणि मी रबर घेतला. गाल आत घेतले. मान काढली. डोळे मोठे केले, दोन वेण्या घातल्या. मला वाटत होतं मी तिचा जुना चेहरा काढतेय. उठल्यावर तिला दाखवला.

ती बघत राहिली. म्हणाली, “ही तर स्वरा आहे.”

“नाही गं, तूच आहेस. बरी झाल्यावरची.”

“स्वराच आहे. आई, मी कुठे गेले?”

मग ती रडली असती तर बरं झालं असतं. ती आजीजवळ जाऊन झोपली, भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवसापासून कपही आजीकडेच द्यायला लागली. पट्टी आजी बुडवणार, मला जवळ येऊ देणार नाही. सासूबाईंना रंग नीट दिसायचे नाहीत, तरी त्याच! मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सासूबाईंवर जळायचे, आणि आतून वाटायचं, बरोबर आहे तिचं.

तपासणीला पुन्हा ठाण्याला गेलो तेव्हा जुईने आत शिरता शिरता डॉक्टरांना सांगून टाकलं, “आईने माझे गाल खोडले.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळं सांगावं लागलं. डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आई, हे गाल माझ्या औषधाने आलेत. औषध कमी होईल तसे जातील. पण आत्ता ते तिचे आहेत. तुम्हीच नको म्हणालात तर तिने कुणाकडे बघायचं?”

घरी आल्यावर मी जुईला सॉरी म्हटलं. तिने विचार केला. “परत काढते. पण तू बाहेर बस.” मी बाहेर, चपलांच्या स्टँडजवळ बसले. आतून हुकूम आला, “मी एका कागदात मावत नाही, अजून एक दे!” मी दाराच्या फटीतून दुसरा कागद सरकवला.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी सासूबाईंनी हाक मारली, “अगं, मला हा पिवळाच दिसतोय, बघ जरा.” पिवळा म्हणजे निल. दुसऱ्या दिवशी निल. तिसऱ्या दिवशीही निल. सलग तीन दिवस निल आलं की त्याला रेमिशन म्हणतात, म्हणजे आजार मागे हटला. बायोप्सी टळली. मी आणि सासूबाई गळ्यात गळा घालून रडलो. आजार पुन्हा उलटू शकतो, हे डॉक्टरांनी सांगितलंय. पट्टी अजून रोज बघते.

पुढे काही आठवड्यांनी, औषध एक दिवसाआड झाल्यावर, जुई शाळेत आली. दोन कागद चिकटवलेलं तिचं चित्र मी भिंतीच्या मधोमध लावलं. स्वराचंही दारामागून काढून शेजारी आणलं. मग जुईला विचारलं, तुला काय छान जमतं?

ती ताठ उभी राहिली. “मला एक थेंबही न सांडता कपात सू करता येते.”

अख्खा वर्ग गार! नियम तो नियम. मी तसंच्या तसं, टपोऱ्या अक्षरात लिहिलं. पालक सभेला सगळ्या पालकांनी ते वाचलं.

त्याच संध्याकाळी प्राची खाली आली, हसू दाबत. “अगं, कुठे मिळतो गं तो कप? आमची बया स्टीलच्या वाटीत करून बसलीय. जुईकडे आहे, मला का नाही म्हणून भोकाड पसरलंय.”

कुणीतरी माझ्या जुईवर जळत होतं! मला इतका आनंद झाला की मी हसता हसता रडायलाच लागले, आणि मग जिन्याच्या पायरीवर बसून तिला सगळं ओकून टाकलं. डॉक्टरांसमोर स्वराबद्दल मनात आलेलं. कपाटाच्या दाराचं. डब्यांचं.

प्राची माझ्याकडे न बघता म्हणाली, “दाराचं दिसलं होतं मला. पण माझंही ऐक. तुम्ही जुईला ॲडमिट केलंत ना, त्याच दिवशी मी स्वराची लघवी तपासायला पाठवली. निल आली. मी देवापुढे साखर ठेवली आणि म्हटलं, सुटलो, खालच्या मजल्यावरच थांबलं. मग तुला तोंड दाखवायची लाज वाटायला लागली. म्हणून डबे आणत होते.”

वरून स्वराचं रडणं ऐकू येत होतं, चांगलं खणखणीत.

“निल आली ना पण?” मी विचारलं.

“आली.”

“बरं झालं,” मी म्हटलं. इतक्या महिन्यांत स्वराबद्दल हे मी पहिल्यांदाच मनापासून म्हटलं.