पाचवं पिवळं कार्ड

फेर्मीन म्हणजे आडमाप गडी. वाल्देकार्दोस गावच्या फुटबॉल संघात बचावाला उभा राहायचा. सगळी ज्वानी त्यानं खालच्या दर्जाच्या मैदानांवर समोरच्याच्या नडग्या सोलण्यात घालवली. गोल मात्र जन्मात एक केला नाही. आठवडाभर गुरांच्या खाद्याचा ट्रक हाकायचा आणि रविवारी बूट चढवायचे. बायको रेमे म्हणायची, रविवारी देवसुद्धा आराम करतो, आमचा तेवढा लंगडत घरी येतो.

भानगड झाली डुकरापायी. दर जानेवारीत सासऱ्याकडं डुक्कर कापायचं, सगळं गोत जमायचं, वर्षभराच्या चोरिसोची, म्हणजे डुकराच्या तिखट सॉसेजांची, बेगमी व्हायची. आणि दरसाल नेमका त्याच रविवारी सामना. औंदा सासरे एव्हारिस्तो निरोप न धाडता स्वतःच आले. उंबऱ्यावरनंच म्हणाले, "जावईबापू, खायला येता, धरायला येत न्हाई. या साली डुकराला हात लागला न्हाई, तर ताटालाबी लावायचा न्हाई."

प्रशिक्षक तोरिब्यो सुट्टी देणाऱ्यातला नव्हता. गोलरक्षकाची बायको अडली होती, तरी त्याला त्यानं सामना संपल्यावरच सोडलेलं. पण नियमापुढं तोरिब्योचंही चालायचं नाही. पाच पिवळी कार्डं झाली की एक सामना घरी. फेर्मीनची चार झालेली. पाचवं या रविवारी पदरात पडलं, की पुढचा रविवार डुकराचा. लाल मात्र नको. लाल मिळालं तर दोन सामने बाहेर, म्हणजे त्यापुढचा शेजारच्या गावाशी होणारा सामनाही हुकायचा, आणि मग तोरिब्यो डुकराआधी त्यालाच कापायचा.

पिवळं मिळवणं म्हणजे फेर्मीनला पाणी पिण्याइतकं सोपं. पण त्या रविवारी पंच होता म्हातारा पालोमेके. त्याचा शेवटचा मोसम, त्यामुळं मन अगदी लोण्यासारखं झालेलं. फेर्मीननं कडेनं पळणाऱ्या पोराला आडवा केला. पालोमेकेनं दोघांचे हात मिळवून दिले. फेर्मीननं शिट्टीनंतर चेंडू शेतात भिरकावला. पालोमेके म्हणाला, वारा फार आहे आज. शेवटी फेर्मीन त्याच्या तोंडासमोर जाऊन म्हणाला, "तुमच्यापेक्षा माझ्या सासऱ्याची गाढवीण बरं बघती."

"एव्हारिस्तोची होय? बरी हाय का ती? मागं तिचा पाय सुजलेला," म्हातारा म्हणाला.

खेळ संपत आला. कोपऱ्यातनं चेंडू यायचा होता. समोरच्या संघाच्या गोलरक्षकालाच एक धक्का द्यावा, एवढ्याच इराद्यानं फेर्मीन पुढं घुसला. तो धक्का द्यायला वळला, चेंडू त्याच्या टाळक्यावर मागून आदळला आणि सरळ जाळ्यात. मग सगळा संघ त्याच्या उरावर. त्या ढिगाऱ्याखाली दम कोंडलेला असताना फेर्मीनच्या डोक्यात वीज चमकली. गोल केल्यावर सदरा काढला, की पिवळं कार्ड. त्याला पंचाची मर्जी लागत नाही.

तो ढिगाऱ्यातनं निसटला, ओढून सदरा काढला आणि त्या थंडीत सुटलेलं पोट हलवत थेट पालोमेकेपुढं जाऊन नाचला. म्हाताऱ्याचे डोळे भरले. खिशात हात घालताना म्हणाला, "आयुष्यात एकदा गोल केलास लेकरा, आणि मला हे करावं लागतंय."

"दावा हो. बिनघोर दावा."

पुढच्या रविवारी सासऱ्यांनी त्याच्या हाती डुकराचा मागचा पाय दिला. डुकरानं एक हिसडा दिला आणि ते फेर्मीनच्या दोन्ही पायांमधनं निघून गेलं. बाया तोंडावर हात धरून हसल्या. ते फाटकापाशी पोचणार, तेवढ्यात फेर्मीननं धावत जाऊन चिखलातनं अंग घसरवत दोन्ही पाय आडवे घातले. डुक्कर उताणं.

एव्हारिस्तोंनी उभ्या जन्मात फुटबॉल बघितलेला नव्हता. ते सावकाश जवळ आले.

"मैदानात असंच करता होय?"

"व्हय, मामा."

"आणि यालाच कार्ड देत्यात?"

"लगोलग."

"येडे लेकाचे," सासरे म्हणाले. दुपारी तिखटात परतलेल्या खिम्याचं पहिलं ताट त्यांनी स्वतः उचलून चिखलानं माखलेल्या जावयापुढं सरकवलं.