आठ बाजूंचा राग

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. कुंभकोणमजवळच्या साक्कोट्टैच्या एका मिरासदाराच्या घरचं सामान विकायला निघालं, तेव्हा मी पितळी घंगाळांसाठी गेलो. मिरासदाराचा कारकून भाव उतरवेना. मी म्हटलं, "मग वर काहीतरी टाक." त्याने ग्रामोफोनच्या चार तबकड्यांचा जाड संच टाकला. मद्रासेत निघालेला, बाजारात न खपलेला. एकच राग सलग आठ बाजूंवर. व्हायोलिन-मृदंगाच्या जोडीला पियानो आणि बँडचे पितळी भोंगे.

कुंभकोणमला परतल्यावर थोरल्या भावाने, अण्णाने, पहिली तबकडी ऐकली, उलटवली आणि तो हसत सुटला. "आलाप सुरू होतो न होतो तोच शेवटची धांदल! भंगार आहे रे. तुला भाव कळतो, स्वर नाही."

ते जिव्हारी लागलं. वडील गेल्यावर अण्णाची व्हायोलिनची शिकवणी चालू राहिली. मला नवव्या वर्षी दुसऱ्याच्या पितळेच्या दुकानात चिंचेने भांडी घासायला बसवलं. स्वतःचं दुकान मी पुढे उभं केलं, पण स्वर कळायला मला वेळ कोणी दिला होता?

राग काढला कारकुनावर. दुसऱ्याच दिवशी साक्कोट्टै गाठलं. "फसवतोस? यात मधला माल गायब आहे!"

"सामी, फुकटच्या मालाला तक्रार?"

पुरावा म्हणून मी लेबलावर बोट ठेवलं. पहिल्या तबकडीवर आकडा एक, मागे आठ. दुसरीवर दोन, मागे सात. माझा आवाज आपोआप खाली आला. मग कारकुनाने सांगितलं, मिरासदारांच्या यंत्रावर तबकड्या एकावर एक रचत. एकेक आपसूक खाली पडे, आणि चारही वाजल्या की सगळा गठ्ठा उलटवत. आमची यंत्रं हाताने चावी द्यायची. तबकडी वाजली की लगेच उलटवायची, दुसरी रीत कुणाला ठाऊकच नव्हती.

घरी क्रमाने लावल्या. तिसऱ्या बाजूला व्हायोलिन खालच्या स्वरावर थांबतं आणि भोंगे अलगद आत येतात. आयुष्य पितळेत गेलं, पण पितळ इतकं मऊ बोलतं हे मला माहीत नव्हतं. मिरासदार सोडले तर हा संच कुणी ऐकलाच नव्हता, नुसता उलटवला होता.

अण्णाला बसवणं हाही सौदाच. "कॉफी मिळेल. मध्ये बोललास तर हरलास."

"मी हरत नसतो," म्हणत तो बसला. चौथ्या बाजूला त्याची कॉफी निवली. सहावीनंतर मी यंत्राला चावी देत होतो, तर म्हणाला, "लवकर दे रे!" आठवी संपल्यावर म्हणाला, "सहावी परत लाव. सूर कुठे वळला, कळलं तुला?"

मी सांगितलं. चुकलं.

तो हसला नाही. ती जागा त्याने हळू गाऊन दाखवली आणि म्हणाला, "म्हण माझ्यामागून."

माफी त्याने मागितली नाही, मीही ते 'भाव कळतो, स्वर नाही' विसरलेलो नाही. पण मी त्याच्यामागून म्हटलं. बेसूर. त्याने पुन्हा म्हणायला लावलं, आणि त्या दिवशी दुकान उशिरा उघडलं.