चौथ्या कार्बनवरचा फरक

स्ट्रिप निगेटिव्ह होती आणि टेस्ट ट्यूब विटकरी लाल. लघवी एकच, नऊ दिवसांच्या मुलीची.

मुरबाडच्या एका लहान खासगी हॉस्पिटलात मी लॅब टेक्निशियन आहे. मुलगी धसईकडच्या पाड्यावरची. कावीळ उतरत नव्हती, पाजलं की ओकायची, वजन घटत होतं. स्ट्रिप म्हणजे लघवीत बुडवायची पट्टी. साखरेच्या बाबतीत ती फक्त ग्लुकोज ओळखते. बेनेडिक्ट ही जुनी टेस्ट. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. ग्लुकोजच काय, बहुतेक साध्या साखरांनी त्याचा रंग बदलतो. आता ती फारसं कोणी करत नाही. तान्हं बाळ असलं की मी करते.

ट्यूब घेऊन मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, साखर आहे, पण ग्लुकोज नाही. गॅलॅक्टोज असेल."

"बेनेडिक्ट? बाई, कुठल्या जमान्यात आहात? अँटिबायोटिकनेसुद्धा रंग येतो."

"अजून एकही डोस दिलेला नाही. फाइल बघूनच आले."

"इन्फेक्शन आहे. अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू करू, दूध बंद. परवा रिपीट करा."

रिपीट केली. ट्यूब निळीच राहिली. सर हसले.

"सर, दोन दिवस तिच्या पोटात दूध नाही. साखर येणार कुठून?"

"तुमचं काम रिपोर्ट देणं. डायग्नोसिस मी करतो."

तसं ते खरंच होतं. मी खाली येऊन दोन्ही निकाल वेळेसकट कागदावर लिहून ठेवले.

मुलगी तरतरीत दिसायला लागली होती, म्हणून सरांनी दूध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओकाऱ्या. वॉर्डात आजी सुनेवर ओरडत होती, "हिचा दूधच वायट. पोरीला पचत नाय!"

सून कविता, विशीतली. मला बघून म्हणाली, "ताई, मी काय पोरीला इख पाजते का?"

मला राग आला. आजीचा कमी, स्वतःचा जास्त. परवा मी गप्प बसायला नको होतं.

नवा नमुना घेतला. विटकरी. या वेळी कविता आणि आजीला बरोबर घेऊनच केबिनमध्ये शिरले. कागद टेबलावर ठेवला.

"आता अँटिबायोटिक चालू आहे," सर म्हणाले.

"परवाही चालू होतं. तेव्हा निळी राहिली. मधे बदललं ते फक्त दूध."

सरांनी कागद जवळ ओढून वेळा तपासल्या. "आणि तुमचं चुकलं तर?"

"तर मला काढून टाका. पण दूध आत्ता बंद करा आणि रक्त मुंबईला पाठवा."

त्यांनी दोन्ही केलं. काही दिवसांनी रिपोर्ट आला. गॅलॅक्टोज पचवणारं एन्झाइम मुलीत जवळजवळ नव्हतंच.

ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अगदी सारखेच असतात. चौथ्या कार्बनवरचा ओएच गट एकात खाली, दुसऱ्यात वर, एवढाच फरक. दुधातल्या साखरेतून गॅलॅक्टोज मिळतं आणि आपलं शरीर त्याचं ग्लुकोज करतं. या मुलीला ते जमत नव्हतं. तिला आईचं, गाईचं, बकरीचं, कुठलंच दूध चालणार नव्हतं.

"आणि हा दोष आई आणि बाप दोघांकडून येतो," मी आजीला सांगितलं.

"म्हंजे माझ्या पोराकडूनपन?"

"हो. तुमच्या मुलाकडूनही."

"ऐकलात ना, आई?" कविता म्हणाली. आवाज चढवला नाही.

मुलगी सोयाच्या पावडरवर वाढली. आता अंगणवाडीत जाते. बोलायला जरा उशीर लागला, पण बोलते.

मी आता तान्ह्या बाळाच्या प्रत्येक लघवीच्या रिपोर्टवर एक ओळ जास्त लिहिते: नमुना घेतला तेव्हा बाळ दुधावर होतं की नव्हतं. छापील फॉर्ममध्ये त्याला जागा नाही. मी समासात लिहिते.